तिचा नमस्कार

निलगिरी तेलाचा वास आला की मला कवठे महांकाळची आमच्या बँकेची शाखा आठवते. त्या दिवशी विम्याचं टार्गेट अपुरं राहिलं म्हणून साहेबांनी फोनवर झाडलं होतं आणि मी कपाळाला तेल चोळत काउंटरवर बसलो होतो. एका दिवंगत फौजीची म्हातारी बायको पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आली. यंत्रावर तिच्या झिजलेल्या बोटाचा ठसा उमटेना. वैतागून मी खोटंच बोललो, "सर्व्हर बंद आहे, उद्या या." ती म्हणाली, "डोकं लय दुखतंय व्हय? येते की उद्या." दुसऱ्या दिवशी एसटी चुकली म्हणून ती उन्हातून चालत आली. दुसरं बोट ठेवताच काम झालं. "लय उपकार झालं, साहेब," म्हणत तिनं हात जोडले. मी तो नमस्कार तसाच घेतला. आता ती नाही. असती तरी खरं सांगायचा धीर मला झाला असता, असं वाटत नाही.