गयामावशीचं माहेर

गयामावशीनं कधी कुणाला "लेकरू कसं हाय?" असं विचारलं नाही. विशेष मुलांच्या शाळेच्या फाटकाशी आम्ही पालक सकाळी उभे असायचो. डॉक्टर, शेजारी, पाहुणेरावळे, जो तो पहिल्यांदा मुलाचीच चौकशी करायचा. मावशीचं तसं नव्हतं. माझी सुजाता पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवशी ही ठेंगणी, जाड चष्म्याची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओळख ना पाळख, म्हणाली, "तू झोपतूस का रं?"

मी तसा तापट. म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?"

"म्हंजी न्हाई झोपत," ती म्हणाली. मग पिशवीतून चटणी-भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि चालती झाली. मी हातातल्या भाकरीकडे बघत उभा. भूक लागली होती, खाऊन टाकली.

मावशी मूळची हसनाबादची. जालन्यात एका वसतिगृहात तिनं आयुष्यभर स्वयंपाक केला. नवरा लवकर गेला. एकुलती लेक लता चाळिशीला आलेली, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलीची. लताची शाळा कधीच संपली होती, पण मावशीचं रोज सकाळी फाटकावर येणं सुटलं नव्हतं. मावशी आता या जगात नाही. लता आमच्या फाटकावरच्या पालकांतल्याच परवीनभाभीच्या घरी राहते आणि मजेत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण असलं काही वाचणाऱ्याला पहिला घोर तोच लागतो.

तर या मावशीनं एक माहेर काढलं होतं. लोक खानावळ काढतात, पिठाची गिरणी काढतात, हिनं माहेर काढलं. त्याचं कारण तिच्या भावजयीनं दिलं. एका दिवाळीला निरोप आला, "वन्सं, तुम्ही या, पण लताला शेजारी ठेवून या. घरात पाव्हणे हायेत." मावशी त्या दिवाळीला गेली नाही आणि नंतरही कधी गेली नाही. ती म्हणायची, "जिथं माझ्या लेकराची लाज वाटती तिथं मी कशाला जाऊ? पर मंग मला माहेर कुठं? आन शाळेच्या फाटकावर बघावं तर समद्या माझ्यासारख्याच, बिनमाहेरच्या. म्हणलं, आपनच काढावं एक."

रीत साधी होती. दर मंगळवारी एका आईनं मावशीच्या दोन खोल्यांत माहेराला यायचं. तिचं मूल त्या दिवशी शाळा सुटल्यावर दुसरी आई आपल्या घरी नेणार. माहेरवाशिणीनं ताट उचलायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही. केसांना तेल, पोटभर जेवण, झोप. संध्याकाळी खणा-नारळानं ओटी भरून पाठवणी. रडायलाही मुभा होती, पण मावशीच्या अटीवर: "रडायचं तर रड बाई, पर जेवून रड. उपाशीपोटी रडलं की चक्कर येती."

हे सगळं बायांचं. मला त्याच्याशी काय देणंघेणं? मस्तगडात माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. सुजाताची आई तापाचं निमित्त होऊन गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. पुढे पोरगी वयात आली. बापाला जे कुणी कधी शिकवत नाही ते माझ्यावर येऊन पडलं. लाज, चिडचिड, रडारड, दोघांचीही. परवीनभाभीनं ते तिला समजावलं, आणि मलाही. पण तोवर माझंच काहीतरी बिघडलं होतं. झोप नाही, अन्नावर वासना नाही. दुकानाचं शटर उघडायला हात उचलेना. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून बंद झाले.

"माझ्यामागं हिचं काय?" आमच्यातल्या प्रत्येक आईबापाच्या उशाला हा प्रश्न असतो. माझ्या डोक्यात त्याचं उत्तर यायला लागलं होतं, आणि ते भयंकर होतं. दोघांनी एकदमच जावं म्हणजे प्रश्नच मिटला. एके सकाळी फाटकाशी मी ते मावशीला बोलून गेलो, कांद्याचा भाव सांगावा तसं.

ती छी-थू म्हणाली नाही. देवाधर्माचं काही सांगितलं नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि ते सोडलंच नाही. परवीनभाभीला म्हणाली, "शाळा सुटली की सुजाला तुज्याकडं ने." आणि मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांच्या रांगेत नेऊन उभं केलं. पाटी वाचून माझं डोकं फिरलं. ओरडलो, "मी काय वेडा आहे का?"

मावशीचा आवाज माझ्या वरताण. "ह्या लाइनीत मी दोन वर्सं उभी राह्यली. गोळ्या खाल्ल्या. मी येडी दिसती का? गुडघ्याला डागदर चालतो, मनाला का न्हाई? आन तुज्याकडं लोक मोटर कवा आनत्यात?"

"जळाल्यावर."

"मंग तू जळायच्या आधी आलास. शाना हायस. गप उभा ऱ्हा."

रांगेतले लोक हसायला लागले. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. डॉक्टर भले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "औषध आपलं काम करेल, पण हे ओझं एकट्यानं वाहू नका." मावशी लगेच, "बराबर! मंगळवारी माहेराला ये."

"बापाला कसलं माहेर? लोक हसतील."

"हसू दे. त्यांचं काय जातंय?"

मी बरेच मंगळवार टाळले. गोळ्यांनी थोडी झोप यायला लागली होती, पण डोक्यातलं ते उत्तर पुरतं गेलं नव्हतं. शेवटी एका मंगळवारी सुजाताला शाळेत सोडलं आणि गेलो. सवयीनं तिच्या कपड्यांची पिशवी खांद्याला तशीच. मावशीनं दारातच अडवलं. "ही घिऊन आत यायचं न्हाई. परवीनकडं टाकून ये." टाकून आलो. लतानं पाणी आणलं. मी प्यालो. तिनं दुसरा पेला आणला, मग तिसरा. पाहुणा पाणी पितो याचाच तिला एवढा आनंद की मला नाही म्हणवेना. जेवायला येसराची आमटी आणि गरम भाकरी. सवयीनं ताट धुवायला उठलो तर पाठीत धपाटा बसला. मग रडलो. जेवून रडलो, नियमाप्रमाणे. मावशी शेजारी बसून लसूण सोलत राहिली. आणि मग सतरंजीवर जो आडवा झालो तो मेल्यासारखा झोपलो.

जाग आली तर उन्हं उतरलेली. शाळा केव्हाच सुटली असणार! मी तसाच अनवाणी दाराकडे धावलो. मावशीनं उंबऱ्यातच धरलं.

"कुठं पळून राह्यलास? सुजा परवीनकडं हाय. तिचा फोन आल्ता. जेवली, खेळली, लतानं धाडलेली रिबिन घालून बसली. तू न्हवतास तरी तिचा दिस गेला ना? बरा गेला."

मी उंबऱ्यावरच बसलो. ज्या भीतीनं मला त्या भयंकर उत्तरापर्यंत नेलं होतं ती खोटी पडली होती, भर दिवसा, मी घोरत असताना. माझ्याशिवाय माझी लेक जेवली होती, हसली होती. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

निघताना मावशीची पंचाईत झाली. "तुजी वटी कशी भरू रं?" ती स्वतःशीच हसत सुटली. मग ट्रंक उघडून तिनं टॉवेल आणि पांढरी टोपी काढली, लग्नात पुरुषाला आहेर करतात तशी. टोपी स्वतःच्या हातानं घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. "जा आता. आन पुढच्या खेपंला बोलवायला लावू नको."

परवीनभाभीकडे जायचं तर वाटेत अख्खा मस्तगडचा बाजार. हार्डवेअरवाले शेठ गल्ल्यावरून ओरडले, "काय सदाभाऊ, कुठं लग्नाला गेल्ता?"

"लग्नाला न्हाई. माहेराला गेल्तो."

दुकान हसलं; मावशीचं बायांचं माहेर बाजाराला ऐकून ठाऊक होतं. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या भांडीवाल्यानं मान वर करून पाहिलं. पुढे गल्लीत वळलो तर मागून चपलांचा आवाज आला. शेठ होते, धापा टाकत आलेले. त्यांचा मुलगा कायम माडीवर असतो, खाली कधी दिसत नाही, हे आमच्या सगळ्या आळीला माहीत. पण तो विषय शेठसमोर कुणी काढत नसे. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग माझ्या टोपीकडे बघत हळूच विचारलं, "सदाभाऊ, तिथं... बापालाबी घेतात?"

"घेतात," मी म्हणालो. "पोराला घेऊन उद्या सकाळी शाळेच्या फाटकावर या. माय उभीच असती."