न्हाणीवरचा नारळ

दौंडहून आलेल्या त्या प्लंबरचं नाव मी विचारलं नाही. विचारावं असं त्याच्यात काही दिसलंही नाही. तीन दिवस उशीर, गालात तंबाखू, आणि शिरूरमधलं आमचं नवं घर असं बघत होता, जणू ते पाडायलाच आलाय.

न्हाणीतला नळ बंद केला की भिंत धाडकन वाजायची. मुलाचं लग्न झाल्यापासूनच. सुनेचा पायगुण, असं आई म्हणाली, आणि मी, शिकलेल्या माणसानं, न्हाणीच्या दारावर लाल फडक्यात नारळ बांधला. सून पाटसला माहेरी निघून गेली. आईनं हे सगळं त्या प्लंबरलाही ऐकवलं.

त्यानं मागं जाऊन भिंतीवरचा पाइप हलवून पाहिला.

"हा दांडीचा नळ कवा बसवला?"

"लग्नात. आधीचा फिरकीचा बरा दिसत नव्हता."

"दांडी झटक्यात पाडली की पळतं पाणी जागीच अडतं आन् पायपाला हिसका देतं. पाइप ढिला हाय, म्हणून भितीवर आपटतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नळ तुम्ही बदलला आन् पायगुण सुनंचा व्हय, आप्पा?"

पाइप भिंतीला पकडायचे क्लॅम्प त्यानं आणलेच नव्हते. नारळ सोडून त्यानं माझ्या हातात दिला आणि त्याच लाल फडक्यानं पाइप खिडकीच्या गजाला आवळला.

"उद्या क्लॅम्प मारतो. तवर नळ हळू बंद करा."

आवाज थांबला. प्लंबर परत आला नाही. ही माणसं अशीच.

सुनेला आणायला गेलो, तेव्हा तिनं विचारलं, "आवाज कशाचा होता?"

मी म्हणालो, "प्लंबर फार उशिरा आला."