सरासरी वेग शून्य

आमच्या शेजारच्या सरांइतका दुसऱ्याच्या मेहनतीवर बसल्या जागी पाणी फिरवणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. नंदाखालला आमची घरं लागून. नववीच्या पोरांना उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. विरारची कामं उरकून मी घामाघूम परत आलो की ओट्यावरून विचारणा व्हायची, "किती वाजता निघालास?" सकाळी आठला, म्हटलं की घड्याळाकडे नजर. "बारा तास. निघालास तिथंच परत आलास, म्हणजे विस्थापन शून्य. शून्य भागिले बारा, सरासरी वेग शून्य. मग दमलास कशानं रे?" आगाशीचा रस्ता विचारणाऱ्यालाही ते वळणंबिळणं सांगत नसत. विस्थापन सरळ रेषेत मोजतात म्हणून हात थेट केळीच्या वाडीकडे. एक भला गृहस्थ खरंच तसा गेला आणि गुडघाभर चिखलात रुतला. त्याला मीच ओढून काढला.

गेल्या वर्षी मात्र सरांनी हे गणित पाहुण्यांसमोर आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना लावलं. काकू चहा घेऊन आल्या आणि सर म्हणाले, "ही सकाळपासून स्वयंपाकघर ते विहीर, विहीर ते स्वयंपाकघर. सरासरी वेग शून्य." पाहुणे हसले. काकूंनी ट्रे खाली ठेवला, दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि वटारला भावाकडे निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "घ्या, आता मोजा."

दोन दिवस सर ऐटीत होते. "येईल. जाते कुठं?" तिसऱ्या दिवशी दूध करपल्याचा वास आमच्या घरापर्यंत आला. पाचव्या दिवशी दाढी वाढलेले सर माझ्या दारात. "वटारला सोडतोस का? ती येईलसं वाटत नाही मला." चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस शाळेतल्या पोरासारखा चपला चाचपत उभा.

वटारच्या अंगणात काकू लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आता सर सूत्र काढणार, या धास्तीनं मी दुसरीकडे बघू लागलो. पण सर खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. तू नसलीस की घरात कुणी चालतच नाही गं."

काकूंनी हातातली पाकळी सोलून पुरी केली.

"कोंबड्यांना दाणे घातलेत?"

"घातले."

"आणि तुम्ही जेवलात?"

सरांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. काकू उठल्या आणि पिशवी आणायला आत गेल्या.