गुणगुणणारी डीपी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण एका आवाजाला मी आजही भिते. फ्रिजमागून ती बारीक गुणगुण सुरू झाली की माझा कामातला हात थांबतो. घरचे हसतात. हसू देत, त्यांनी कुठे ऐकलंय ते!

माझ्या वडिलांचं वरठीला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे काम मी परकरात असल्यापासून करत आले. पुढे लग्न झालं ते लाईनमनशी, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मोहाडीकडच्या एका धानाच्या गावात नांदायला आले.

गावाबाहेर धानाची गिरणी होती आणि तिला लागून ट्रान्सफॉर्मर. त्याला सगळे डीपी म्हणत. माझ्या नवऱ्याच्या आधीचा लाईनमन याच डीपीच्या खांबावर गेला. लाईन बंद करून वर चढला आणि खाली आला तो मेलेलाच. बंद लाईनवर माणूस मरतो कसा, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा गावाने आपल्या परीने उत्तर शोधलं. गावातली लाईन गेली, सगळीकडे सामसूम झाली, तरी ही डीपी कधीकधी गुणगुणायची. तो माणूसही म्हणे काम करताना गुणगुणायचा. झालं! कुंपणाच्या तारेला लिंबं लटकली आणि पोरासोरांना तिकडे फिरकायची बंदी झाली.

त्याची बायको त्याच गिरणीत तांदूळ पाखडायची. आवाज सुरू झाला की ती सूप खाली ठेवून कुंपणाशी येऊन बसायची. नवं धान निघालं की पहिल्या भाताचा घास तिथे आणून ठेवायची, घरच्या माणसाला वाढावा तसा. कोणी हटकलं तर म्हणायची, "माह्याशी बोलून राहिला तो. तुमचं काय जाते?"

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला भर दुपारी. गिरणीत धान द्यायला गेले होते. नवऱ्याने सकाळीच लाईन पाडली, म्हणजे बंद केली होती, आणि जेवण करून तो याच खांबावर चढणार होता. डीपी गुणगुणायला लागली आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा आवाज माझ्या वडिलांच्या दुकानातला होता. लोखंडावर गुंडाळलेल्या तारेत करंट असला तरच ती अशी गुणगुणते. मग लाईन नसताना करंट आला कुठून? तेवढ्यात गिरणीतलं इंजिन माझ्या कानावर आलं. मालकाने धानाच्या भुशाच्या गॅसवर चालून वीज बनवणारं इंजिन बसवलं होतं. भुसा फुकटचा, त्यामुळे त्या इंजिनाचं त्याला भारी कौतुक. लाईन गेली की आधी खटका पाडून गिरणी लाईनपासून तोडायची, मग इंजिन सुरू करायचं, अशी रीत होती. पण गडबडीत खटका तसाच राहायचा, आणि इंजिनाचा करंट डीपीतून उलटा वरच्या तारांत चढायचा.

मी धावतच घरी आले. नवरा हात धुऊन निघालाच होता. त्याला दारातच अडवलं.

"मी सोताच्या हातानं लाईन पाडली," तो म्हणाला. "करंट काय आभायातून येईन?"

"चढायच्या आधी तारेवर साखळी टाका, नाहीतर मी खांबाला मिठी मारून बसते!" मी ओरडले. अख्ख्या आळीने ऐकलं असेल.

लाज वाटून का होईना, त्याने खालूनच लांब काठीने जमिनीला जोडलेली साखळी तारेवर टाकली. फाडकन ठिणगी उडाली आणि गिरणीतलं इंजिन गुदमरून बंद पडलं. नवरा तिथेच बांधावर बसला.

मालक म्हणाला, "आता ध्यान ठेवू, बाई." कोणाच्या ध्यानावर माझं कुंकू ठेवायला मी तयार नव्हते. वडिलांच्या दुकानातून एक जुना चुंबकाचा खटका आणला. लाईन असेल तोवर तिच्याच करंटवर चुंबक खटका धरून ठेवणार, लाईन गेली की सोडणार, मग इंजिन कोणी कसंही चालवो. पण आमच्याकडची लाईन पार डिम. चुंबक नीट धरेना, नुसता कटकट वाजायचा, आणि मालक माझ्या नावाने बोटं मोडायचा. मी ती कॉइल सोडली आणि जाड तारेचे कमी वेढे देऊन पुन्हा गुंडाळली. तिसऱ्या खेपेला चुंबकाने डिम लाईनवरही गच्च धरलं.

पुढच्या वेळी लाईन गेली, इंजिन धडधडू लागलं, आणि डीपी गप्प राहिली. मी सुटकेचा श्वास टाकते तोच त्या गेलेल्या लाईनमनची बायको आली. कुंपणाला कान लावून बसली, खूप वेळ बसली. मग थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"तूनं काय लावलं अंदर? काढ ते. तो बोलून नाही राहिला."

"ते काढता येणार नाही, बाई."

"काहून? मी मालकाले सांगतो काढाले."

मालक त्या खटक्याला आधीच वैतागला होता. त्याने खरंच काढला असता. म्हणून मी तिला सगळं सांगितलं. इंजिन, खटका, उलटा चढणारा करंट, नवऱ्याने टाकलेली साखळी. मला वाटलं आता शिव्या घालेल, त्या मी मुकाट खाल्ल्या असत्या.

"त्या दिशी मी डबा घेऊन आली होती," ती म्हणाली. "तो चढून राहिला होता. हाच आवाज येऊन राहिला होता. मी खालून हासली. म्हणलं, तुह्यासंगं डीपीबी गाऊन राहिली."

ती सूप उचलून गिरणीत गेली.

त्यानंतर बरेच दिवस ती तिकडे फिरकली नाही. भाताचा घासही बंद झाला. मग एकदा दुपारी माझा नवरा त्याच खांबाखाली उभा असताना ती गिरणीतून बाहेर आली. त्याला हाताने थांबवलं, कुंपणाला कान लावला, डोळे मिटले. साखळी टाकलेली असूनही नवरा थांबला.

"चूप हाय," ती म्हणाली. "चढ, बापू."

मी ते गाव सोडेपर्यंत तिने ऐकल्याशिवाय त्या खांबावर कोणी चढलं नाही.