रामाजीची दुसरी दवंडी

साहेब येणार म्हटलं की कोतवाल रामाजी ढोकेच्या पायाला भिंगरी लागायची. नागपुराहून कुहीकडे जाताना आत वळलं की खैरीटोली लागते. तिथं बावीस वर्षं त्यानं साहेब लोकांच्या फायली वाहिल्या, त्यांच्यासाठी घरोघरच्या खाटा गोळा केल्या. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बापाचं डफडं त्यानं कायमचं टाकून दिलं, नोकरी मात्र सोडली नाही. तेव्हापासून दवंडी नुसत्या गळ्यावर, आणि तीही ठरलेली: अंगणं झाडा, कुत्री आवरा, ढोरं बांधा. साहेबाच्या वाटेत ढोर आलं की गावाची अब्रू गेली, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापाला आज्यानं. ते खरं की खोटं, हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या पौषात असाच साहेब येणार असल्याचा सांगावा आला. नव्या सडकेसाठी मुरूम हवा होता, आणि एका ठेकेदारानं खदानीसाठी जमीन मागितली होती: मनोहररावांचं बारा एकर वावर आणि त्याला लागून असलेलं गावाचं साठ एकर गायरान. गायरान गेलं तर गावातली दीडशे ढोरं खाणार काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. रामाजीच्या दारीही दोन गाई होत्या. त्याची बायको बायजाबाई त्यांचंच दूध विकून घर ओढायची. साहेबाला दोन शब्द सांगा, म्हणून तिनं सकाळपासून त्याचं डोकं खाल्लं होतं. पण कोतवालानं साहेबाला शब्द सांगायचे नसतात, साहेबाचे ऐकायचे असतात. अर्धा चहा तसाच टाकून तो उठला आणि गावभर दवंडी देऊन आला.

तहसीलचे मधुकरराव साहेब दहाच्या सुमाराला जीपनं आले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. आधी वावर पाहिलं. तिथं तूर छातीइतकी उभी होती, शेंगांनी लगडलेली. साहेबांनी एक शेंग सोलून पाहिली आणि उभं पीक आहे, हे वगळावं लागेल म्हणाले. मनोहररावांचा जीव भांड्यात पडला. ते तिथूनच घरी गेले, कारण गायरान काही त्यांच्या एकट्याचं नव्हतं.

गायरानात साहेबांनी दाखवलेल्या चार जागी रामाजीनं कुदळीनं खड्डे घेतले. वीतभर मातीखाली लालसर मुरूम लागला. साहेब खूश झाले. रामाजीला मुरमाचं दुःख होतंच, पण आणखी काहीतरी चुकत होतं आणि ते काय, हे कळत नव्हतं. कुदळ थांबवून त्यानं दोनदा उगाच मागं वळून पाहिलं. पळसाखाली गावाची ढोरं राखणारा गायकी धोंडबा काठी मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. त्यानं रामाजीकडं पाहून तोंड फिरवलं.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि सहीसाठी रामाजीपुढं सरकवला. सही ही रामाजीची मिरासच होती. रात्रीच्या शाळेत अक्षर शिकल्यापासून त्यानं अंगठा असा कधी दिला नव्हता. कागद आला की तळाशी नाव लिहायचं, इतकंच त्याला ठाऊक. आज मात्र मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून नजर वर गेली. अक्षर अक्षर जुळवत त्यानं वाचलं: जमीन ओसाड असून पाहणीच्या वेळी चराईचे एकही जनावर आढळून आले नाही.

तेव्हा त्याला कळलं की सकाळपासून कान काय शोधत होते. गायरानात एकही घुंगरू वाजत नव्हतं.

"साहेब, ढोरं हायेत," तो म्हणाला. "मीच बांधाले लावली."

साहेब म्हणाले, असतीलही, पण मी पाहिलं तेच लिहिणार. वावरात तूर दिसली, तूर लिहिली. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि रामाजीला तेच जास्त झोंबलं. आपल्याच हातानं आपण गावाच्या पायावर धोंडा पाडला होता. त्यानं पेन कागदावर ठेवलं, आलोच म्हणाला आणि गावाकडं धावत सुटला.

चौकाचौकात उभं राहून तो ओरडत होता, ढोरं सोडा, सगळी गायरानात धाडा. लोकांना वाटलं, कोतवालाला वेड लागलं. एका दिवसात दोन दवंड्या, त्याही एकमेकींच्या उलट, गावानं जन्मात ऐकल्या नव्हत्या. पहिली दावी बायजाबाईनं सोडली. मग शेजारणीनं सोडली, मग सगळ्या आळीनं. सकाळपासून उपाशी ढोरांना हाकायची गरज पडली नाही. रागावलेले साहेब जीपमध्ये बसलेले असतानाच गायी, बैल, म्हशी जीपच्या दोन्ही बाजूंनी गायरानात शिरल्या. एका म्हशीनं खुशाल बॉनेटला मान घासली.

रामाजी धापा टाकत येऊन उभा राहिला. साहेबांनी विचारलं, ही दवंडी कुणाच्या हुकमानं दिली?

"सकाळची तुमच्यासाठी देल्ली साहेब. हे माही हाये."

 साहेब जीपमधून उतरले आणि बोटानं ढोरं मोजू लागले. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, अंदाजे दीडशे जनावरे चरताना आढळली. रामाजीनं ते दोनदा वाचलं आणि मग सही केली.

होळीच्या आधी कागद आला, गायरान वगळलं होतं. धोंडबानं गूळ वाटला. "आपलं गायरान वाचलं," असं सांगत मनोहररावही गावभर फिरले. रामाजी मात्र त्या संध्याकाळी ताटावर नुसता बसून होता.

"आता काहून जेवून नाही राहिले?" बायजाबाईनं विचारलं.

"बावीस वर्षं सह्या करून राहिलो वं," तो म्हणाला. "वाचता येत होतं मले. मागं पार्वतीबाईचं घर पडलं, तिले सरकारकडून काहीच भेटलं नाही. त्या पंचनाम्यावर काय लिहिलं होतं, कोणाले मालूम. खाली माही सही हाये."