पान्यावरच्या अक्षता

लक्ष्मी दरवाजा मागे पडला तसे विद्याधरराव पुन्हा थांबले. सिविल लाइंसहून निघाल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. त्यांची सून शारदा पूजेचं तबक पदराखाली धरून पुढे गेली होती, ती वळली. एक जुनी पांढरी मोटार धूर सोडत तलावाकडे गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत विद्याधरराव मान तिरकी करून उभेच.

"बाबा, अशाने अष्टमीची आरती चुकायची. या वयात गाड्यांचं कसलं हे वेड!"

"चल गं. हिचं ठीक आहे," म्हणत ते चालू लागले.

ती गाडी त्यांच्या हातची, म्हणजे निम्मी. माळव्यातल्या ज्या कारखान्यात त्यांची उमर गेली तिथे नुसती इंजिनं बनत. ती ट्रकांतून दुसऱ्या प्रांतात जात आणि गाडी जुळायची तिकडे. शारदाला एवढं ठाऊक होतं. आणि हेही, की खंडेनवमीला या घरात विळी, कात्री, सगळं पूजलं जातं. सासऱ्यांचा कारखान्यातला पाना तेवढा ट्रंकेतून निघत नाही.

आज तिने विचारलंच. "उद्या पाना काढू का?"

पुढे तलावाचं पाणी दिसू लागलं, तसे ते सांगू लागले.

"कारखान्यात विश्वकर्मापूजा सगळ्यांची. खंडेनवमी माझ्या एकट्याची. एका वर्षी पान्यावर अक्षता वाहिल्या. तेवढ्यावर थांबायचं की नाही? समोर जुळणीच्या पट्ट्यावर इंजिन उघडं होतं. हात आपसूक गेला, त्यावरही चार दाणे टाकले. एक घरंगळून तेलाच्या भोकाशी गेला आणि पट्टा सरकला."

"अगं बाई! मग?"

"ओरडलो. भदौरिया फोरमन म्हणाला, 'वाह पंडितजी, इंजन को भात खिला दिया?' सगळे हसले. मग त्याच पोरांना ओळीतली सगळी इंजिनं खोलायला बसवलं, तेव्हा कोणी हसेना. दाणा नाही सापडला. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला पाठवलं. इंजिनाच्या पेट्या ठोकायच्या. निवृत्त होईपर्यंत तेच."

"खाली पडला असेल, बाबा. झाडला असेल कोणी."

"सगळे हेच म्हणाले. पण तेलाची वाट अडली तर धावतं इंजिन आवळतं, जागीच जाम होतं गं. गाडी घाटात असली, आत लेकरं असली, तर?"

शारदाला मघाच्या बोलण्याची लाज वाटली. मागून गाडी आली तर आता तीही थांबे.

महालक्ष्मीपुढे पुजाऱ्यांनी तबक पुढे केलं. शारदाने अक्षता उचलल्या. विद्याधररावांनी नेहमीसारखे हात पाठीमागे नेले. त्यांची बोटं थरथरत होती. हल्ली चहाची बशीही वाजायची. ते कितीतरी वेळ देवीकडे बघत राहिले. काय मागितलं, कोण जाणे. शारदाने त्यांच्यासाठी मागितलं ते एवढंच, की आई, यांचं ओझं उतरव.

बाहेर पायरीवर ते टेकले. चपला शोधणाऱ्या सुनेला त्यांनी हाक मारली.

"शारदा, उद्या पाना काढ. तेलाने पूस, कुंकू तू लाव. अक्षता मी वाहीन. तेवढा माझा हात धरशील? एकही दाणा बाहेर जायला नको."