सीलचा नंबर आणि सहा रिकामी पोती

मे महिन्यातला दुसरा सोमवार. रक्कम बासष्ट हजार चारशे. माझ्या टेबलासमोर एका काजू कारखान्याचे मालक, त्यांचे मेहुणे आणि आमचे हवालदार. नोकरीतली मोठी प्रकरणे आता पुसट झाली आहेत, पण हे छोटे प्रकरण वारानिशी डोक्यात आहे.

कारखाना रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर. मालक वीस वर्षे गावोगावची काजू बी विकत घेत आणि गर काढून विकत. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच आफ्रिकेतून बी मागवली. दोनशे पोती, प्रत्येकी ऐंशी किलो, म्हणजे सोळा हजार किलो. बंदरातून कंटेनर ट्रेलरवर चढून गुरुवारी सकाळी कारखान्यात आला. मालक तेव्हा गुहागरला पुतणीच्या लग्नात होते. सोमवारी परतल्यावर त्यांनी मालाचे वजन केले, तर पाचशे वीस किलो, म्हणजे बासष्ट हजार चारशे रुपयांचा माल कमी भरला. शिवाय कंटेनरचे तोडलेले सील कामगारांनी जपून ठेवले होते. त्यावरचा नंबर जहाज कंपनीच्या कागदावरच्या नंबरशी जुळत नव्हता.

"ड्रायव्हरनं वाटेत सील तोडलं, पोती काढली नि दुसरं सील मारलं," मालक म्हणाले. "साहेब, गुन्हा दाखल करा. एफआयआरच्या प्रतीशिवाय विमा मिळायचा नाही."

"शेठ, लग्नात पंगती मोजल्यात, इथं पोती मोजायला कोणाला ठेवलं होतंत?" हवालदारांनी विचारले. मालकांना ते आवडले नाही.

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी केल्याशिवाय गुन्हा दाखल करणार नाही असे सांगितले. मंगळवारी सकाळी चिपळूणहून आमच्या माहितीतल्या एका टपरीवाल्याचा फोन आला. तो ट्रेलर आदल्या बुधवारी तिथल्या पेट्रोल पंपावर चार तास उभा होता आणि ड्रायव्हर गाडीत नव्हता. माझ्या मनात चित्र जवळपास पूर्ण झाले.

ड्रायव्हर पोफळीचा, पस्तिशीचा. बोलावल्याबरोबर दुपारी हजर झाला.

"वाटेत कुठे थांबलास?"

"चिपळूणला, साहेब. टायर बसला."

"पंक्चर कोणी काढलं?"

मी चौकशीत एक पाहिले आहे. चोरी करणारा माणूस अशा प्रश्नाचे उत्तर घरूनच तयार करून आणतो. याच्याकडे नाव तयार नव्हते. तो कशाला तरी घाबरून खोटे बोलत होता. पण कशाला, ते संध्याकाळपर्यंत कळले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवल्यावर तो बोलला.

"आई आजारी आहे. मित्राची मोटारसायकल घेऊन घरी जाऊन आलो."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"चोर म्हणालात तर तुम्ही तपास कराल, कधीतरी सुटेन. भरलेली गाडी सोडून गेलो म्हटलं की गाडीमालक त्याच दिवशी कामावरून काढतो. सहा वर्षांची नोकरी आहे, साहेब."

टपरीवाल्याची खबर खरी होती. तिच्यावरून मी काढलेला अर्थ खरा नसावा, असे तेव्हा पहिल्यांदा वाटले.

त्याच दुपारी मी कारखान्यात गेलो. एकशे त्र्याण्णव पोती भरलेली, एक अर्धे. कोपऱ्यात त्याच परदेशी छापाची सहा रिकामी पोती घडी करून ठेवलेली. बेरीज दोनशे. वाटेत पोती चोरणारा माणूस रिकामी पोती कारखान्यात आणून ठेवत नाही. कामगार बायकांमध्ये एक वयस्कर मुकादमीण होत्या. त्यांना विचारले.

"मावशी, ही सहा रिकामी कशी?"

"उरली."

"उरली म्हणजे?"

"गाडीतनं दोनशे उतरवली. खळ्यात ओतली, तीन दिस सुकवली, मग परत भरली. भरताना सहा उरली."

"वजन करायच्या आधी सुकवलीत?"

"ओली बी कोण मोजतो? तुम्ही मासळी बर्फासकट मोजून घेता काय?"

मालक माझ्या शेजारीच उभे होते. आपल्याकडे बी सुकवूनच मोजतात, त्यामुळे सुकवल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

मग मी कस्टमची फाईल मागितली. बंदरातून माल सोडवणाऱ्या एजंटने पाठवलेल्या पाकिटात एकतीस पाने होती. वरचे पान हाताळून मळलेले, बाकीची कोरी करकरीत. एकोणिसाव्या पानावर मालाचा दाखला होता, त्यात ओलावा अकरा टक्के. कारखान्यातल्या यंत्रावर आता तो आठ भरला. कागदावर गणित मांडले, तर सोळा हजारांचे साधारण पंधरा हजार चारशे ऐंशी होतात. म्हणजे पाचशे वीस किलो उन्हाने नेले होते. चोविसाव्या पानावर तपासणीचा शेरा होता. बंदरात कस्टमने कंटेनर उघडून माल पाहिला आणि नवे सील लावले. खाली त्याचा नंबर. मालकांच्या हातातल्या सीलचा नंबर तोच होता.

मालकांनी बोट ठेवून दोन्ही नंबर पुन्हा ताडले. मग म्हणाले, "विम्याचा अर्ज भरून ठेवलाय हो मी." खिशातून काढून त्यांनी तो फाडला. खोट्या दाव्यात तेच आरोपी झाले असते.

परदेशातून माल आणणाऱ्यांना मी तेव्हापासून तीन गोष्टी सांगत आलो. सील तोडण्यापूर्वी त्याचा नंबर फाईलशी ताडून ड्रायव्हरची सही घ्या. माल उतरल्या दिवशीच मोजा आणि वजन करा. आणि एजंटचे पाकीट शेवटच्या पानापर्यंत वाचा. मला स्वतःला मिळालेला धडा वेगळा होता. मालकांनी फाईल वाचली नाही, पण मीही ती दोन दिवस मागितली नाही. एका माणसाचा चेहरा वाचत बसलो आणि उत्तर पाकिटात पडून होते.

हिशेब ठाण्यातच मिटला. विमा कंपनीकडे काही मागितले नाही. ट्रान्सपोर्टवाल्याचे अडवलेले अठरा हजार भाडे मालकांनी त्याच संध्याकाळी पाठवले. ड्रायव्हरला बुडालेल्या दोन दिवसांचे सोळाशे रुपये त्यांनी माझ्यासमोर हातात दिले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

ड्रायव्हर जाईना. "साहेब, माझ्यावर काही नाही असं लिहून द्याल? तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही."

चौकशीत काही निष्पन्न झाले नाही, असे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि शिक्का मारला. त्यात पंपावरचे चार तास लिहिले नाहीत. सोळाशे रुपये त्याने न मोजता खिशात घातले. पत्र मात्र दारात उभे राहून दोनदा वाचले.